काळं पातेलं

आत्तीनं घासलेल्या पातेल्यात बघून भांग पाडता यायचा. हे मी कौतुकानं सांगत नाही, तक्रार म्हणून सांगतेय. आत्ती म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, आणि आल्या दिवशी चुलीपुढचा पाट धरला तो कायमचाच. आई तिच्यापुढे ब्र काढत नसे. सोलापुरातलं आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढे ओटा, मागे न्हाणी आणि डोक्यावर मातीचं माळवद. शेजारी तेलुगू विणकरांची घरं. त्यांच्या मागांची खटखट दिवसभर भिंतीतून यायची आणि पाळी बदलताना मिलचा भोंगा व्हायचा. पण माझ्या कानात त्या घराचा जो आवाज राहिलाय तो मागाचा नाही न् भोंग्याचाही नाही. तो राखेनं भांडं घासल्याचा आहे. चुलीवर भांडं चढवण्याआधी आत्ती त्याच्या बुडाला राखेचा लेप द्यायची, म्हणजे काजळी धरली तरी धुताना निघून यावी. तरीही कुठे ठिपका राहिलाच, तर चिंचेचा कोळ घेऊन पुन्हा फतकल मारून बसायची. "काळं भांडं म्हंजी घरातल्या बाईचं वळण दिसतं की," असं तिचं म्हणणं.

तर अशा घरात मी काळी जन्मले. सावळी नाही, काळी. सावळी, निमगोरी, गव्हाळ हे शब्द स्थळं सुचवणाऱ्यांच्या पोतडीतले; मला त्यांची कधी गरज वाटली नाही. आई गोरी, अण्णा उजळ, आणि मी थेट आत्तीवर गेलेली. हे सगळ्यांना दिसत होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं. दर आठवड्याला आत्ती मला समोर बसवून डाळीचं पीठ, हळद आणि साय चोळायची आणि भिंतीवरचा आरसा काढून माझ्या तोंडापुढे धरायची. "बघ की, जरा उजळलीस." मला त्या आरशात हळद लागलेली काळी पोर दिसायची. बाहेर पडायचं म्हटलं की दुसरं शास्त्र. दारामागच्या खुंटीवर एक मोठी पुरुषी छत्री टांगलेली असे, ती घेतल्याशिवाय मला उंबरा ओलांडता येत नसे. "छत्री घे सुमे, काळी पडशील." आभाळात औषधालाही ढग नसताना मी ती छत्री उघडून शाळेला जायची. गल्लीतली पोरं विचारायची, "सुमे, पाऊस कुटं पडलाय गं?" मी त्यांना त्यांच्या सात पिढ्यांच्या अंगणात पाऊस पाडून दाखवायची. पण छत्री मिटायची हिंमत नव्हती, कारण कोपऱ्यापर्यंत आत्तीची नजर असे.

मॅट्रिकची परीक्षा दिली आणि घरात दोन विषय एकदम निघाले. मी म्हटलं, मला सायन्सला जायचंय. आत्ती म्हणाली, नातेपुत्याचं स्थळ आलंय. आत्तीचं कारण पक्कं होतं. रॉकेलची तेव्हा मारामार होती. सोलापूरसारख्या गावात सरपण तरी कुठून आणायचं? रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत डबा घेऊन आमच्या घरचं माणूस म्हणून मीच उभी असायची. "ही कालेजात जाऊन बसल्यावर रांगंत कोण हुबं ऱ्हाणार? तुजी बायकू? तिला दम लागतूय. मी? माजं गुडघं गेलं," आत्तीनं अण्णांना विचारलं. मी विचारलं, "आन् मी लग्न करून गेले तर?" तर म्हणाली, "ते येगळं." कसं वेगळं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

मला एक गोष्ट ठाऊक होती, ती या मोठ्यांना ठाऊक नव्हती. त्या हिवाळ्यात शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका टेबलावर काच लावलेली पेटी होती, तिला सूर्यचूल म्हणत. ना जाळ, ना धूर. आत डबा ठेवायचा आणि पेटी उन्हात ठेवायची, भात शिजतो. पोरी हसून पुढे गेल्या. मी मात्र तिथून हलले नाही. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी मला जे सांगितलं ते इतकं साधं होतं, की हे आजवर आपल्याला कसं सुचलं नाही याचाच मला राग आला. ऊन काचेतून आत जातं. आत काळं काही असलं, की ते उन्हाला धरून ठेवतं आणि तापतं. काळ्यातून निघालेली ऊब काचेतून सहजी बाहेर पडत नाही, आतच कोंडते. चकचकीत वस्तू ऊन घेतच नाही, आलं तसं परत पाठवते. "म्हणून आतलं सगळं काळं हवं," बाई म्हणाल्या. हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवलं. आतलं सगळं काळं हवं. काळं 'हवं' असं कुणी म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मी अण्णांना पेटीबद्दल सांगितलं. अण्णा मिलमध्ये मागांवर जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. माणूस तापट नव्हता, पण बहिणीपुढे त्यांचं चालायचं नाही, म्हणून ते बहुतेक गोष्टी हसण्यावारी न्यायचे. ही पण नेली. ताटावरून उठता उठता म्हणाले, "असं कर सुमे, ज्या दिवशी तुज्या डब्यात समद्या घराचं जेवण शिजंल ना, त्या दिवशी तुला कालेजात घालतो. जा." आई हसली, आत्ती हसली. मी हसले नाही. अण्णांनी थट्टेत टाकलेला शब्द मी पदराच्या गाठीला बांधून ठेवला.

मग पेटी केली. बाजारातून फळांचं लाकडी खोकं आणलं. तेलाचा रिकामा डबा कापून घेतला आणि खोक्याच्या आत बसेल असं दुसरं खोकं त्याच्याच पत्र्याचं वळवलं. दोन्हींच्या मध्ये ऊब धरून राहावी म्हणून काहीतरी भरायचं होतं. त्यासाठी सोलापूरइतकं सोयीचं गाव दुसरं नसेल. मिलमध्ये केर म्हणून गोळा होणारं सूत अण्णांनी पिशवी भरून आणून दिलं, कशाला ते न विचारता. आतल्या पत्र्याला कंदिलाची काजळी जवसाच्या तेलात कालवून फासली. काच हवी होती, ती भिंतीतल्या फडताळाच्या दारातून काढली. ऊन आत वळवायला आरसा हवा होता. घरात आरसा एकच होता. तो मी खुंटीवरून उतरवला आणि पेटीच्या झाकणाला तारेनं बांधला. इतकी वर्षं त्या आरशाला माझं तोंड उजळलं का ते बघायच्या कामाला जुंपलं होतं, त्याला मी जरा बरं काम दिलं. आत्तीनं घर डोक्यावर घेतलं. "फडताळ उगडं केलं, भित बोडकी केली, आता छपार काढ!" तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ते तीन दिवस मला हळदही लागली नाही.

जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक पातेलं मी बाहेरून, झाकणासकट, तेलकाजळीनं काळं केलं. पहिल्या दिवशी भाताचा चिखल झाला. पाणी चुलीच्या अंदाजानं घातलं होतं, आणि पेटीत वाफ बाहेर जातच नाही. दुसऱ्या दिवशी पाणी कमी केलं, भात मोकळा झाला. मग वरण. बायका माळवदावर चढून बघायला यायच्या आणि काच उचलून आत हात घालायच्या. मी त्यांच्यावर खेकसायची, कारण काच उचलली की कोंडलेली ऊब भुर्रकन जायची आणि पुन्हा पहिल्यापासून. उन्हं सरकली की पेटीही सरकवायची. म्हणून मी भर दुपारी माळवदावर बसून राहायची, डोक्यावर ना पदर ना छत्री. खालून आत्ती ओरडायची, "सुमे, खाली ये, कोळसा हुशील!" मी वरूनच ओरडायची, "झाले!" माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा उन्हाळा होता.

आता मधेच आजचं सांगते: गेल्या वर्षी माझ्या मुलानं आमच्या घराच्या छतावर सोलर बसवून घेतलं. काम बघायला कंपनीची एक इंजिनिअर मुलगी आली. स्कूटीवरून उतरली तेव्हा तिचे फक्त डोळे दिसत होते, बाकी सगळं तोंड ओढणीत गुंडाळलेलं. मी विचारलं, "काळी पडशील म्हणून का गं?" ती म्हणाली, "हो ना काकू, सोलापूरचं ऊन!" मी तिला पाणी दिलं. मुलगी हुशार होती. मुलाला सांगायचं ते तिनं मलाही नीट सांगितलं. सोलरच्या पाटीवर उजेड पडला की तिच्या आतल्या चकत्यांतून वीज वाहायला लागते, पण एकाच दिशेनं. घरातले पंखे आणि फ्रीज उलटसुलट दिशा बदलणाऱ्या विजेवर चालतात. म्हणून मधल्या डब्यात, इन्व्हर्टरमध्ये, ती पालटून घ्यायची. घरात लागेल ती घरात, उरेल ती मीटरमधून बाहेरच्या तारेत, आणि रात्री लागली की तिथूनच परत. मी म्हटलं, म्हणजे मे महिन्यात आपली चंगळ. तर ती हसून म्हणाली, "नाही काकू, पाटी फार तापली तर उलट थोडी कमीच वीज देते. तिला उजेड पाहिजे, उष्णता नको. म्हणून तर खालून वारं खेळायला जागा सोडलीय." मला दोन मिनिटं रागच आला. उभा जन्म मी आमच्या उन्हाच्या धगीची फुशारकी मारली, आणि या बयेला धगच नको! आमची पेटी ऊब कोंडायची, ही पाटी ऊब झटकते. पण पाट्या चढवल्यावर मी वर जाऊन बघितलं. दोघींचा रंग मात्र एकच होता. उजेड परत न पाठवता ठेवून घ्यायचा तर काळंच असावं लागतं, एवढी बाईंची शिकवण टिकली.

तर त्या उन्हाळ्यातले नातेपुत्याचे पाहुणे. मुलगा, त्याची आई आणि वडील. सकाळच्या एसटीनं येणार, जेवून दुपारी परत जाणार. मी ठरवलं, यांचं जेवण पेटीत शिजवायचं. समद्या घराचं जेवण असं अण्णा म्हणाले होते, आणि पाहुण्यांइतकं समदं घर पुन्हा कधी जमणार? आदल्या दिवशी डाळ-तांदूळ निवडून ठेवले. भाकरी आई तव्यावर करणार, शेंगाचटणी होतीच, वरण आणि भात माझा. डाळीसाठी मोठं पातेलं काळं करून ठेवलं. सकाळी मला न्हाऊ-माखू घालण्यात सगळ्यांचा वेळ गेला. मधेच आत्ती ओरडली, "आरसा कुटाय? पोरीचं कुकू कसं लावू?" मी म्हटलं, "माळवदावर. वरण शिजवायचंय त्याला." पावडर थापून, नवं लुगडं नेसवून मला आतल्या खोलीत बसवलं. "हितनं हलायचं न्हाई." म्हणून डाळ-तांदूळ भरून दोन्ही पातेली वर नेऊन ठेवायचं काम मी आईला सांगितलं. आईनं ते काही न विचारता चोख केलं.

पाहुणे आले. पोहे झाले, चहा झाला, प्रश्न झाले. मुलाची आई माझ्याकडे एकदा आणि माझ्या आईकडे एकदा बघायची, हिशेब जुळत नसल्यासारखी. मग जेवणाची वेळ झाली, आणि मी आईबरोबर माळवदावर गेले. भात उतरवला, छान झालेला. मोठ्या पातेल्याचं झाकण काढलं, तर डाळ जशीच्या तशी. पाणी कोमट. मी पातेल्याकडे बघितलं. पातेलं लख्ख होतं. झाकण लख्ख. ऊन त्याच्यावर पडून माझ्याच डोळ्यांत येत होतं.

"पातेलं कुणी घासलं?" मी वरूनच विचारलं.

आत्ती जिन्यानं धापा टाकत वर आली. "मी घासलं. पहाटं उठून घासलं, चिच लावून; भाताचं घासायच्या आत उजाडलं. पाव्हण्याम्होरं काळं भांडं मांडतीस व्हय? लोक काय म्हणतील? घराला काय आब हाय का न्हाई?"

तिच्या बोटांची कातडी राखेनं सोललेली होती. तिनं दुष्टपणानं काही केलं नव्हतं. माझी लाज राखायला तिनं ते पातेलं घासलं होतं, आणि त्यात माझं कॉलेज धुऊन काढलं होतं. आई हळूच म्हणाली, "शेजारनं रॉकेल आनलंय. इस्टू पेटवू का? घडीभरात शिजंल." साधी वाट होती. पाहुणे जेवले असते, कुणाला काही कळलं नसतं. पण स्टोव्ह पेटला की अण्णांचा शब्द विझला, हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "न्हाई. इस्टू पेटवायचा न्हाई."

मी खाली गेले, पाहुण्यांच्या समोरून. कंदिलांची आणि चुलीच्या तोंडाची होती नव्हती ती सगळी काजळी परातीत खरवडली, त्यावर गोडं तेल ओतलं, आणि परत त्यांच्या समोरून वर आले. पातेल्याला दोन्ही हातांनी फासायला लागले. नव्या लुगड्याला लागली, घाम पुसताना पावडर थापलेल्या गालालाही लागली. एवढ्यात मुलाची आई वर आली, तिच्यामागे मुलाचे वडील आणि अण्णा. मुलगा जिन्यावरच अडला.

"काय चाललंय हे?" बाई म्हणाल्या. आणि मग मनातलं त्यांच्या तोंडून निघूनच गेलं. "पोरगी सावळी हाय म्हणून सांगितलं हुतं आमास्नी. ही तर काळी हाय."

आईनं मान खाली घातली. अण्णांनी घसा खाकरला. मी पातेलं पेटीत ठेवलं, काच लावली, आरसा फिरवला, आणि उठून उभी राहिले.

"व्हय मावशी, काळीच हाय," मी म्हटलं. "हे पातेलं सकाळधरनं पांढरंफेक हुतं, म्हणून डाळ कच्ची ऱ्हायली. समदं ऊन परत धाडत हुतं. आता काळं केलंय, आता शिजंल. थांबायचं आसंल तर थांबा, न्हाईतर यष्टी हाय."

त्या जिना उतरल्या. मुलाचे वडील मात्र तिथेच बसले. शेतकरी माणूस, पेटीच्या बाजूला हात लावून बघितला, काचेवर लावायला गेले आणि चटका बसून मागे घेतला. "मायला," म्हणाले, "जाळ तर न्हाई कुटं." त्यांनी अण्णांना सुताचं विचारलं, मला आरशाचं विचारलं. कितीही मोह झाला तरी काच उचलायची नाही हे मी एकदाच सांगितलं आणि त्यांनी मानलं. गल्लीतल्या कुठल्याही बाईनं ते मानलं नव्हतं.

जेवायला सावल्या लांबल्या. डाळ बोटानं मोडेल इतकी शिजली होती. आत्तीनं तिला लसूण, मोहरी आणि काळ्या तिखटाची फोडणी दिली. सगळे जेवले, रुसलेल्या बाईसुद्धा. मुलानं दोनदा भात घेतला आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. निघताना "कळवतो" म्हणाले. अजून कळवायचेत.

ते गेले. अण्णा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले, तशीच काजळी माखलेली. ते म्हणाले, "स्थळ गेलं." मी म्हटलं, "समद्या घराचं जेवण शिजलं, अण्णा." त्यांनी वर बघितलं. थट्टेवारी न्यायला त्यांना काही सापडलं नाही. सुपारी खाली ठेवली आणि आत आत्तीकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "आक्का, मी शब्द दिला हुता."

मला वाटलं आत्ती आता तोंड सोडेल. ती न्हाणीच्या दगडावर बसून खरकटी भांडी घासत होती. ते काळं पातेलं तिच्या हातात होतं. ती राखेचा हात तसाच धरून म्हणाली, "मला बी बघाया आल्ते. चार जागी न्हाई म्हणाले. पाचव्यानं केली, त्याची पोरं माज्या वयाची हुती." हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की आत्तीचा नवरा म्हातारा होता. मग तिनं पातेलं आतून विसळलं, फक्त आतून, आणि बाहेरून न घासता उपडं घातलं. त्यानंतर त्या पातेल्याला तिनं कधी राख लावली नाही. कुणी बाईनं नाक मुरडलं तर म्हणायची, "ते आमच्या सुमीच्या शिकण्याचं हाय. त्याला हात लावायचा न्हाई."

कॉलेज सुरू झालं तेव्हा पावसानं ओढ दिली होती आणि मे महिन्यासारखंच ऊन तापत होतं. मी वह्या घेऊन निघाले. सवयीनं दारामागे हात घातला, तर आत्ती तिथे आधीच उभी होती, छत्री हातात घेऊन. माझ्याकडे बघितलं, बाहेरच्या उन्हाकडे बघितलं. मग तिनं छत्री परत खुंटीला अडकवली.

"जा," म्हणाली. "ऊन लई चांगलं पडलंय."